खिळ्यावरचा जुडगा

"सिस्टर, तुमच्या वस्तीत तीन वर्षांत एकही आत्महत्या नाही. मग मानसिक आरोग्य केंद्राला सरकारनं निधी कशाला द्यायचा?" समितीच्या साहेबांनी विचारलं. म्हणजे काम नीट केलं, हाच गुन्हा! तोंडी सांगून पटणार नाही, म्हणून केंद्रातल्या खिळ्यावरचा जुडगाच मी आणला होता. तो त्यांच्यापुढे ठेवला. "एकट्या राहणाऱ्या अकरा जणांनी आपणहून दिलेल्या घराच्या किल्ल्या ह्या. रोज दहाला आम्ही फोन करतो. कोणी उचलला नाही, तर जाऊन दार उघडतो. उद्या केंद्राला टाळं लागलं, तर ह्या कोणाला देऊ?" साहेबांनी नाइलाजानं जुडगा उचलला. तेवढ्यात केंद्रातल्या मावशींचा फोन आला. "सिस्टर, शिंपीकाका फोन उचलत नाहीयेत. दारही वाजवून आले. खिळ्यावर जुडगा नाही हो!" शिंपीकाकांची किल्ली तासाभराच्या अंतरावर, साहेबांच्या मुठीत होती.