चाळणी

"आईवर लेझर मीच चालवणार," ती म्हणाली.

विभागप्रमुखांनी मान वर न करता पेनाला टोपण लावलं. "नात्यातल्या माणसावर आपण काम करत नाही. तो नियम तूच टाईप केला होतास."

"केला होता. त्यातल्या दोन चुकाही मीच सुधारल्या होत्या."

"हात थरथरला तर?"

"दोन वर्षं आईला सुया टोचताना बघितलंय, सर. आता काय थरथरणार?"

"आणि डोळ्यांत पाणी आलं तर?"

"संरक्षक चष्मा असतो ना. कोणाला दिसतंय?"

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. तिच्या दादाचा अर्ज होता. उद्या सकाळी आईला न्यायला येतो, यापुढे तिच्यावर कसलाही प्रयोग नको. खाली त्याची ठसठशीत सही.

"तो उद्या नेणार. आणि आजही औषध आत उतरलं नाही, तर हे कामच बंद. तसा वरून निरोप आहे."

"म्हणजे पाच वाजेपर्यंत आई माझ्याकडे आहे."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि यंत्राची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

ती खोलीपर्यंत पोचते न पोचते तोच दादाचा फोन.

"पुरे कर आता. थोडे का हाल झालेत तिचे? अजून किती छळणार आहेस?"

"सही तिची आहे, दादा."

"औषधाच्या गुंगीत केलेली!"

"गुंगीत? फॉर्मवर वय बहात्तर पडलं, म्हणून नवा फॉर्म मागवला तिनं. नर्सला म्हणाली, आधीच म्हातारी आहे, त्यात तुमची भर नको."

दादा हसला की हुंदका आला, ते कळलं नाही. फोन बंद झाला.

आईचं दुखणं मोठं होतं, पण तिला धास्ती होती ती सुयांची. नस सापडायची नाही. दोन्ही हात काळेनिळे. "चाळणी केलीत माझी," ती नर्सला म्हणायची, "निदान काही चाळून तरी निघू दे." मग लेकीनं तिला लेझरचं सांगितलं. किरणांनी कातडीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडायची, वर मलम लावायचं, वेदना थांबवणारं औषध आपोआप आत उतरतं. सुई नाही. "म्हणजे चाळणीच की! पण शहाण्या माणसानं केलेली," आई म्हणाली आणि सहीसाठी पेन मागितलं.

खोली गार होती. भांड्यातलं पाणी अंगाच्या उबेइतकं तापलंय का, ते तिनं दोनदा पाहिलं. आईच्या हाताच्या आतल्या बाजूला इस्त्रीचा जुना तिकोनी डाग होता. सात वर्षांच्या लेकीनं इस्त्री चालू ठेवून दिली होती, आणि आईनं घरभर सांगितलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. त्या डागाशेजारी तिनं यंत्राचं तोंड टेकवलं.

"झालंच हं, आई."

आई काही बोलली नाही. यंत्र टिकटिकलं. केस जळल्यासारखा वास आला. हात थरथरला नाही.

मलम लावलं. दर अर्ध्या तासानं नमुना. पहिल्यात औषध नाही. दुसऱ्यात नाही.

प्रमुख दारात आले. "थांबायचं का?"

"एक नस सापडेपर्यंत आईनं सात-सात टोचण्या सोसल्यात. मी दोन नमुन्यांत उठू?"

तेही स्टूल ओढून बसले. तिसऱ्यातही काही नाही. पाचला दहा कमी असताना चौथा नमुना तपासला आणि पडद्यावर आकडा चढू लागला. चढतच राहिला. प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि बंदीचा निरोप फाईलमधून काढून फाडून टाकला.

तिनं दादाला फोन लावला. "औषध उतरलं. एकही सुई नाही. उद्या खुशाल ने तिला."

त्यानं विचारलं, "तिला सांगितलंस?"

"पहिलं तिलाच."

तिनं पाण्याखालची आच बंद केली, काचेच्या दोन पेल्यांची पकड सैल केली आणि त्यांच्यामध्ये ताणून धरलेला, इस्त्रीच्या डागाचा तो कातडीचा तळहाताएवढा तुकडा चिमट्यानं अलगद उचलून, उद्या दादा नेईल म्हणून, फ्रीजरमधल्या डबीत ठेवला. डबीवरची चिठ्ठी तिनं अंगठ्यानं नीट दाबून बसवली: त्वचादान, स्त्री, मृत्यूसमयी वय एकाहत्तर.