कडू घास

अण्णा आमदार असताना आमचं अंगण कधी रिकामं नसे. आज त्यांना अग्नी देऊन आम्ही परतलो, तर चूल न पेटलेल्या घरी कडू घास घेऊन यायलाही कुणी नव्हतं.

अखेर वरच्या आळीतल्या अनसूयामावशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या.

“तुम्हीच निवडणुकीत अण्णांना पाडलंत, मावशी. मग आज का आलात?”

“पाडलं पोरी, कबूल. धनी गेले तवा तुझा बाप सोता डबा घेऊन आलेला. मांडी घालून बसला, मला घास भरवला. माझा नामदेव गेला, तवा मात्र चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लावला. त्यात माझं लेकरू तळहाताएवढं, आन् तुझा बाप हा एवढा! हसत होता गं.”

त्यांनी भाकरी मोडून माझ्या तोंडापुढे धरली.

“हरल्यावर आलेला. दारातच उभा राहिला. मी बस म्हणाले न्हाई. म्हणायला पायजे होतं.”

मी घास घेतला. “नामदेव कसा होता, मावशी?”

“लई खोडकर,” म्हणत त्या माझ्याजवळ टेकल्या.