गोदाक्कांचा हात

सारी पेठ पेढीतल्या रांधणाऱ्या यंत्राकडे चतुराच्याच हातची आमटी मागत होती, आणि गोदाक्कांच्या अंगाचा तिळपापड होत होता. हीच चतुरा पूर्वी अक्कांच्या आमटीच्या दानाच्या रांगेत पातेली घेऊन उभी राहायची. आता यंत्र आल्यावर दान बंद झालं होतं. ज्याने त्याने यंत्राचा हातमोजा घालून एकदा रांधायचं, मग यंत्र त्याच हाताने सगळ्या पेठेला वाढायचं. ज्या हाताला कुणी विचारत नाही, तो आज यंत्रातून पुसला जाणार होता. अक्कांच्या हाताला कुणीच विचारत नव्हतं.

"मेल्या यंत्राला चवच कळत नाही," अक्का फणकारल्या.

"कळते की," शेजारी उभी असलेली चतुरा म्हणाली. "तुम्ही त्याला सगळं दाखवलंत का पण?"

"सगळं."

"खोबरं जाळलंत?"

ते तर अक्कांनी सुनेलाही कधी दाखवलं नव्हतं.

"इतकी वर्षं खाल्लीय तुमची आमटी," चतुरा म्हणाली. "ह्यातून येते ती तुमची नव्हे."

अक्कांनी हिसक्यासरशी हातमोजा चढवला आणि खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरली.

"तू तोंड तिकडे कर," त्या चतुराला म्हणाल्या, आणि वाटी जाळावर धरली.