साफ केलेलं गाणं

आईला नाचायला नव्हतं आणलेलं, ऐकायला आणलं होतं. म्हणून नीलेशने तिची खुर्ची भिंतीकडेच्या रांगेत न ठेवता आपल्या टेबलाशेजारी, लॅपटॉपला लागूनच ठेवली. पूनम सागर वसाहतीतल्या त्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी हौशी माणसं नाचायला जमत आणि नीलेश त्यांना कोकणातली जुनी गाणी लावून देई. कोळीगीतं, लग्नातली गाणी, गणपतीतल्या जाखडी नाचाची गाणी. गुजराती काकूंपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळे गोल धरून पाय टाकत. आज तो त्यांना आपल्या बापाचं गाणं लावणार होता.

त्याच्या वडिलांना, बाबाजींना, जाऊन वर्ष व्हायचं होतं. भाईंदरच्या कारखान्यात स्टीलची भांडी पॉलिश करण्यात त्यांचा जन्म गेला, पण गणपतीत गावी गेले की जाखडीला नाचणाऱ्यांच्या मधोमध बसून गाणारे तेच. गावच्या मंडळाने कधीतरी भरलेली एक कॅसेट तेवढी मागे उरली होती. तिच्यावरचं गाणं लॅपटॉपवर घेऊन नीट करायच्या मागे नीलेश महिनाभर लागला होता. घरी आईला त्याने मुद्दामच काही ऐकवलं नव्हतं. आपल्या नवऱ्याच्या गाण्यावर एवढी माणसं नाचतायत, हे तिने डोळ्यांनी बघावं, असं त्याच्या मनात होतं. नवरा गेल्यापासून बाई धड बोलत नव्हती की रडली नव्हती. आज निदान रडेल तरी, एवढीच त्याची आशा.

त्याने गाणं सोडलं. ढोलकी कडाडली, पाठोपाठ झांज, आणि मग आवाज. गोल बघता बघता फिरायला लागला. नीलेश मात्र आईकडेच बघत होता. खुर्चीखाली तिच्या पायाने ठेका धरला होता. चेहरा होता तसाच.

"बरा गातोय पोरगा," ती म्हणाली. "कोन हाय?"

नीलेश तिच्या कानाशी वाकला. "आई, बाबा आहेत ते."

"कोन?"

"बाबा. आपले बाबा गातायत."

पोरगा भर लोकांत आपली थट्टा करतोय, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नाचणाऱ्यांना चाल चपळ लागते म्हणून त्याने वेग वाढवला होता, आणि वेगाबरोबर आवाज चढून बाप पंचविशीतला झाला होता. त्याने घाईघाईने वेग खाली आणला. ढोलकी जड पडायला लागली. गोलातले पाय एकमेकांत अडकले, कुणीतरी हसलं.

हे रविवार भरवणारी मृणालिनी ओढणीने घाम पुसत टेबलाशी आली. "नीलेश, काय झालं? मस्त चाललं होतं यार. स्पीड का कमी केलास?"

"एक मिनिट, मॅडम."

आईने हात वर करून दोघांनाही गप्प केलं. तिला आवाज ओळखू आला होता. तिने डोळे मिटले. कडवं संपत आलं तशी ती खुर्चीच्या कडेला सरकली, पुढे काय येणार ते ठाऊक असल्यासारखी. कडवं संपलं आणि लागलीच दुसरं सुरू झालं. तिने डोळे उघडले.

"दम कुठं गेला?"

"कसला दम?"

"ह्यांचा. कडवं झालं की थांबायचे. छातीत शिट्टी वाजल्यागत व्हायचं, मग पुढचं म्हनायचे." ती स्पीकरकडे बघत राहिली. "हा मानूस दमच घेत नाय."

प्रत्येक कडव्यामागची ती धाप, ती घरघर नीलेशने स्वतःच्या हाताने वेचून काढली होती. गाण्यात एवढी फट पडली की माणसं गोल सोडून पाण्याच्या कूलरकडे वळतात, हे या कामात पहिल्याच महिन्यात कळतं. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाच ती घरघर ऐकवत नव्हती. हॉस्पिटलातले शेवटचे दिवस त्याने तीच ऐकत काढले होते.

"ते ऐकायला बरं नव्हतं, आई. साफ केलं मी."

ती रागावली नाही. "मी कधी धड गानं ऐकलं रे ह्यांचं? गायला बाप्ये बसायचे, आमी चुलीपाशी. मी दमच ऐकला. रातभर ऐकत पडायची. थांबला तर उठवायला."

वर्षभरात ती एवढं बोलली नव्हती.

गाणं संपलं. हॉलभर टाळ्या पडल्या. गोल तसाच धरून सगळे पुन्हा लाव म्हणून मागे लागले. मृणालिनीही हातानेच पुन्हा, पुन्हा असं खुणावत होती.

नीलेशची बोटं लॅपटॉपवर नुसतीच फिरत राहिली. धापेसकट असलेलं मूळ गाणं आता कुठेच नव्हतं. कॅसेटची जुनी फीत एकदाच कशीबशी वाजली आणि दुसऱ्यांदा लावताना मशीनमध्ये गुंतून तुटली. तिच्यावरून उतरवून घेतलेलं गाणं होतं, पण साफ केलेलं त्याने त्याच फाइलवर सेव्ह केलं होतं आणि मूळचं पुसलं गेलं होतं.

आईने त्याच्यापुढे हात पसरला.

"गानं ऱ्हाऊ दे ह्या लोकांना," ती म्हणाली. "काढलंस ते मला दे."