वासाची बाटली

मालनने फाटकाबाहेर थांबून अंगावर दोन फवारे मारले आणि ती बिनधास्त आत येऊन पायरीवर बसली. सगळी आळी ज्याला टरकायची, तो भैरू कुत्रा शेपूट हलवत तिच्या पायाशी लोळला.

ओट्यावर तांदूळ पाखडणाऱ्या सिंधूच्या पोटात दुखू लागलं. तिखटाच्या फवाऱ्याने भैरू जास्तच चवताळायचा, म्हणून पंचायतीने हा नवा फवारा आणला होता, त्याच्या मालकिणीच्या, सिंधूच्याच अंगाच्या वासाचा. त्यासाठी स्वतःची गोधडी तिनेच तोऱ्यात काढून दिली होती. "माझ्याशिवाय तो कुणाला जवळ करत नाही," असंही वर ऐकवलं होतं. आता दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या अंगाला तिचाच वास येत होता, आणि तिच्यापेक्षा दाट.

"भैरू, ये इकडं!"

त्याने मान वर करून तिच्या दिशेने हुंगलं आणि पुन्हा मालनच्या मांडीवर डोकं टेकवलं.

"किती लाघवी आहे गं तुझा भैरू," मालन म्हणाली.

सिंधूने सूप आदळलं. "दे ती बाटली!"

आणि गळ्यावर, हातांवर, पदरावर ती स्वतःचाच वास मारत सुटली.