झेलणाऱ्याचा शब्द

एकोणीसशे बहात्तर साली, सर्कशीच्या थंडीतल्या मुक्कामात, पाखरू पुन्हा जाळीत पडली.

पडण्याचं नवल नव्हतं. झुल्यावर वाढलेल्या माणसाला जाळी म्हणजे अंथरूणच. पण या वेळीही ती दादाच्या हातातून सुटली होती. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. समोरच्या झुल्याला गुडघ्यांनी उलटा लटकून तो तिला हवेत झेलायचा. आईवडील गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं होतं, उडायलाही त्यानंच शिकवलं होतं.

शिडी उतरून तो मालकांपाशी गेला. "पाखरू जड झालीय," एवढंच म्हणाला.

सर्कशीत त्या काळी वजनकाटा असायचा तो घोड्यांच्या दाण्यासाठी. माणसाचं वजन झेलणाऱ्याच्या मनगटांना कळायचं आणि त्याचा शब्द शेवटचा. ज्याच्या हाती रोज जीव द्यायचा, त्याच्याशी वाद घालायची रीत नव्हती.

मालक तसे भले गृहस्थ. "तंबू हलेपर्यंत वजन उतरव," ते पाखरूला म्हणाले. "नाहीतर झुल्यावर माझी भाची चढेल आणि तू तिकीटखिडकीत बसशील. तिथं वजनाची अडचण नाही."

भाची जवळच उभी होती. फुंकर मारली तर उडेल अशी. ती ओशाळून म्हणाली, "ताई, मी मामांकडे मागितलं नव्हतं हो."

"माहीत आहे गं. आणि मीही अजून दिलेलं नाही."

त्याच दुपारी पाखरू लंबूकडे गेली. लंबू विदूषक, बांबूसारखा उंच आणि किडकिडीत. मध्यंतरात तो तंबूबाहेर वजन उतरवायचं चूर्ण विकायचा.

"निव्वळ झाडपाला," तो म्हणाला. "मुळ्या, साली, बिया. अपाय म्हणशील तर औषधालासुद्धा सापडायचा नाही."

"तू स्वतः घेतोस का?"

"मी घेतलं तर तुला दिसेन का?"

ती हसली आणि सगळ्यात मोठा डबा घेऊन आली. झाकण घट्ट बसलं होतं. दादाला ते निघेना, तेव्हा तिनंच रुमालात धरून उघडलं.

"लंबूसारखंच चिकट," दादा म्हणाला आणि चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ऊब घेत बसला.

चूर्ण कडू जहर होतं. रोज सकाळी ते कोमट पाण्यातून घ्यायचं, नाक दाबून गिळायचं आणि मग तंबूभोवती पळत सुटायचं. तिनं साखर सोडली, रात्रीचं जेवण सोडलं. स्वयंपाकी रुसला, तर त्याला म्हणाली, "खिडकीत बसले की खाईनच. तोवर आग्रह करू नकोस."

शिवणमावशी सगळ्यांचे चमकीचे पोशाख सांभाळायच्या. पाखरूचा पोशाख पुन्हा आत घ्यायला आला, तेव्हा त्यांनी तो तिच्यासमोर धरला.

"बघ, शिवणीवर शिवण चढलीय. उद्या बाहुलीला घालायचा का? स्टेशनवर वजनाचं यंत्र आहे. नाणं टाक आणि एकदा बघून ये."

"यंत्र मला झेलणार आहे का मावशी?"

मावशींनी दातांनी दोरा तोडला. "मला विचारशील तर तुझ्या भावाच्या मनात ती भाची भरलीय. सरावानंतर बोलत बसतात दोघं."

"बसू देत. झुल्यावरच्या गोष्टीत दादा खोटं बोलायचा नाही."

तरी संध्याकाळी तिनं त्याला विचारलंच. "दादा, मला खाली बसवायचं तुझं ठरलंय का?"

तो बराच वेळ तळवे चोळत राहिला. "जाळी नेहमी झेलेलच असं नाही पाखरू. तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"मग मी पडणारच नाही. मिटलं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं चूर्ण दोन वेळा सुरू केलं. कंगव्यात केस येऊ लागले. शिडी चढताना मध्येच डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती दांडी घट्ट धरून थांबायची आणि अंधारी सरली की पुढची पायरी चढायची. लंबू स्वतः येऊन म्हणाला, "बाई, आता पुरे कर. माझंच चूर्ण आहे, पण पुरे."

"दादा पुरे म्हणेल तेव्हा."

तंबू हलायच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. सगळे रिंगणाभोवती जमले. पाखरूनं झेप घेतली. अंग इतकं हलकं वाटलं की आपण आपल्याआधीच पोचलो असं तिला वाटलं. दादानं तिला झेललं. एक झोका गेला, दुसरा गेला. मग तिची मनगटं त्याच्या हातांतून सरकली आणि ती जाळीत आली.

दादा खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "अजून जड आहेस गं."

"तुझा काय दोष," ती म्हणाली. "मीच कमी पडले." तिनं त्याचे डोळे पुसले, पोशाख मावशींच्या हाती दिला आणि संध्याकाळच्या खेळाची तिकिटं फाडायला खिडकीत जाऊन बसली.

पुढं लंबूनं सर्कस सोडली आणि चूर्णावर बंगला बांधला. मावशी लेकीकडे राहायला गेल्या. पाखरूनं बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याशी लग्न केलं आणि तंबू कायमचा उतरेपर्यंत खिडकी सांभाळली. तिचं अंग पुन्हा कधी भरलं नाही, खिडकीशी येणाऱ्या बायका तिला काहीतरी खात जा म्हणायच्या. भाची पुढच्याच मुक्कामात झुल्यावर चढली. ती उभी राहिली तेव्हा झुला हललासुद्धा नाही. पहिल्या खेळाला टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर दादानं मालकांना बाजूला घेतलं.

"मुलगी गुणी आहे," तो हळूच म्हणाला. "पण हिलाही ते चूर्ण सुरू करायला सांगा."