शब्दशः इतिवृत्त

नळयोजनेचा ठराव पाच वाजेपर्यंत रोखून धर, असं पक्षानं नगरसेवक सुधींद्रला बजावलं होतं. पाचला सभा संपायची आणि उद्यापासून निवडणुकीची आचारसंहिता. मग श्रेय महापौरांना मिळणार नव्हतं. विरोधकांची माणसं अवघी अकरा, पण सुधींद्रला नियम तोंडपाठ होते.

"मागच्या सभेचं इतिवृत्त शब्दशः वाचा," तो उठून म्हणाला. एरवी ते न वाचताच मंजूर व्हायचं. महापौरांनी कपाळाला हात लावला आणि भारतीबाई कारकून वाचू लागल्या.

पावणेपाचला चाळिसावं पान आलं. "नगरसेवक सुधींद्र म्हणाले, माझ्या वॉर्डात आठ दिवसांनी पाणी येतं. टँकरच्या रेटारेटीत अंबूताईंचा हात मोडला. पाया पडतो, नळाचा ठराव आता लांबवू नका."

सुधींद्रनं मान खाली घातली. वाचन पुरे, एवढं म्हणायला मात्र त्याची जीभ उचलली नाही. पाच वाजले.

जिन्यात अंबूताईच उभ्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. वर गॅलरीत बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अण्णा, माझ्यासाठी एवढं वाचायला लावलंत! तरी मेल्यांनी ठराव घेतला नाहीच. पुढच्या सभेतही असंच वाचायला लावा हं."